विधी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघटनेने शिष्यवृत्ती कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी

विधी महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी संघटना बहुधा दोनपैकी एका निमित्ताने जन्माला येतात. एक तर महाविद्यालयाचा सुवर्ण किंवा हीरकमहोत्सव जवळ आलेला असतो, नाही तर नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, समिती येणार असते; नॅकच्या निकषांमध्ये नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघटना आहे का आणि तिचे योगदान काय, हा प्रश्न असतोच. या दोन्ही निमित्तांत गैर काही नाही. मात्र महोत्सवाचा मांडव उतरला आणि समिती परत गेली की पुष्कळ संघटना भिंतीवरच्या नोंदणी प्रमाणपत्रापुरत्या उरतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयाच्या संघटनेचा कार्यवाह म्हणून काही वर्षे काम करताना जे शिकलो, आणि त्यातले बरेचसे जे चुकून शिकलो, ते नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

पहिली चूक आधी सांगतो, कारण पुढची सगळी व्यवस्था तिच्यातूनच बसली. पहिल्या वर्षी आम्ही शिष्यवृत्तीचे धनादेश २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाच्या समारंभात वाटले. वकिलांच्या संघटनेला याहून शोभेचा दिवस कोणता, असे सर्वांनाच वाटले होते. अर्ज ऑगस्टमध्ये मागवलेले होते. त्यांतील एका अर्जात ‘अडचणीचे स्वरूप’ या रकान्यात एवढेच लिहिलेले होते: ‘मेसचे तीन महिने बाकी.’ ही विद्यार्थिनी धनादेश घ्यायला व्यासपीठावर आली तेव्हा तिने खानावळ सोडलेली होती, मैत्रिणीच्या खोलीवर ती आळीपाळीने स्वयंपाक करून राहत होती आणि मधल्या काळात गावी गेल्यामुळे तिची एक अंतर्गत परीक्षा बुडालेली होती. ऑगस्टमध्ये तिला जितके पैसे हवे होते त्याच्या दुप्पट रक्कम आम्ही नोव्हेंबरमध्ये दिली आणि तरीही ती उशिराच पोचली. त्यानंतर आमच्या संघटनेत रक्कम ठरवण्याआधी तारीख ठरवली जाते.

शिष्यवृत्ती कशासाठी, हे आधी पाहावे

शिष्यवृत्ती म्हणजे शुल्क, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. महाराष्ट्रात ते आता तितकेसे खरे राहिलेले नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि तिच्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेची मर्यादा आठ लाख रुपये आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे आणि ज्यांनी केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे, त्यांना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहेत. शासन जेथे पोचते तेथेच संघटनेने पुन्हा आपले पैसे ओतले, तर देणगीदाराला समाधान मिळते आणि विद्यार्थ्याच्या हाती मात्र फारसे काही पडत नाही.

म्हणून संघटनेची घटना लिहिण्याच्याही आधी दोघांनी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागातील लिपिकाजवळ एक पूर्ण दुपार बसावे. महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या संकेतस्थळावर, कोणाचे अर्ज मंजूर झाले, कोणाचे परत आले आणि ते कोणत्या कागदासाठी परत आले, एवढे विचारावे. उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण अडलेल्या अर्जांपैकी पुष्कळ अर्ज पात्रता नसल्यामुळे अडलेले नसतात. कोणाचे जात वैधता प्रमाणपत्र यायचे असते, कोणाच्या उत्पन्नाच्या दाखल्याचे वर्ष चुकलेले असते, कोणाच्या आधारशी बँक खाते जोडलेले नसते. ही कामे तालुक्याच्या न्यायालयात रोज उभे राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याच्या हातची आहेत. त्याने तहसील कार्यालयात दोन फेऱ्या मारून एका विद्यार्थ्याचा दाखला काढून दिला, तर संघटनेचा एक रुपयाही न जाता त्या विद्यार्थ्याला वर्षाचे शुल्क मिळते. अशा मदतीचा अहवालात स्वतंत्र परिच्छेद करावा, कारण ती ताळेबंदात कोठेच दिसत नाही.

यानंतर जे उरते ते संघटनेचे खरे क्षेत्र होय. खोलीची अनामत, खानावळ, बसचा पास, मूळ कायद्यांच्या छोट्या प्रती, मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय) स्पर्धेसाठीचा प्रवास आणि तिच्या निवेदनपत्राच्या छपाईचा खर्च या गोष्टी रकमेने लहान असतात, पण नेमक्या त्यांच्यापाशीच विद्यार्थी अडतो. सर्वांत दुर्लक्षित खर्च इंटर्नशिपचा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. ज्याचे मामा मुंबईत राहतात तो उच्च न्यायालयातल्या वकिलाकडे महिनाभर बसून येतो. ज्याचे कोणी नाही तो गावातल्याच वकिलाकडून प्रमाणपत्र आणतो, आणि दोघांच्याही फाइलमध्ये कागद सारखाच दिसतो. संघटनेने महिनाभराच्या निवासाची सोय केली, तर हा फरक बऱ्यापैकी मिटतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील महाविद्यालयांना तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) जवळ आले आहे. तेथे इंटर्नशिपची सोय लावणे मुंबईपेक्षा स्वस्त पडते, आणि माजी विद्यार्थीही तेथे सहज भेटतात.

पदवीनंतरचा काळही शिष्यवृत्तीच्या कक्षेत घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. वकिलीच्या सनदेच्या शुल्काचा भार मात्र आता पूर्वीसारखा नाही. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४ मध्ये ठरवून दिलेल्या शुल्कापेक्षा, म्हणजे खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये यांपेक्षा, अधिक रक्कम राज्यांच्या बार कौन्सिलांना नोंदणीसाठी घेता येणार नाही. त्यामुळे ‘सनद साहाय्य’ या नावाने मोठ्या रकमा बाजूला काढून ठेवलेल्या संघटनांनी तो निधी दुसरीकडे वळवावा. तो वळवण्याची जागा उघड आहे: नव्या वकिलांना दरमहा साहाय्य. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, बंधन नाही, आणि तालुक्याच्या बार रूममध्ये बसणाऱ्या कोणालाही प्रत्यक्ष परिस्थिती सांगायला नको. पहिल्या वर्षी दरमहा तीन-चार हजार रुपये मिळाले तरी कोट घातलेला मुलगा किंवा मुलगी पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात टायपिंगला परत जात नाही.

शिष्यवृत्ती किती वर्षे चालावी, याबद्दल एक जुनी गोष्ट विसरू नये. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कमधील शिक्षणासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार सेवेसाठी बडोद्याला गेल्यावर तेथे त्यांना राहायला जागासुद्धा कोणी देईना. १९२० मध्ये, शाहू महाराजांच्या साहाय्यासह, ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा कुठे पुढचे शिक्षण पार पडले. हेच गृहस्थ पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आमच्या नियमावलीत यावरून दोन कलमे आली. एकदा निवडलेल्या विद्यार्थ्याचे साहाय्य, तो अभ्यासक्रमात आहे तोवर, दरवर्षी नवा अर्ज न मागता चालू राहते; आणि त्याच्याकडून कोणत्याही प्रकारचा सेवेचा किंवा परतफेडीचा करार लिहून घेतला जात नाही.

नोंदणी

महाराष्ट्रात प्रचलित मार्ग असा आहे की, संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासदांनी संस्था नोंदवायची आणि त्याबरोबरच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली तिची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात करायची. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालीही हे करता येते, परंतु दरवर्षीच्या पूर्ततेचा खर्च पाहता लहान संघटनेने त्या वाटेला जाऊ नये.

वकिलांची संघटना असल्यामुळे नियमावली लिहिण्यात कोणी कमी पडत नाही. झालाच तर अतिरेक होतो. उद्दिष्टांमध्ये ‘शिक्षण’ आणि ‘गरजूंना साहाय्य’ हे शब्द स्पष्टपणे असावेत आणि व्यावसायिक हितसंबंधांचे, म्हणजे वकिलांच्या मागण्या मांडण्याचे वगैरे उद्दिष्ट त्यांत मिसळू नये. त्यासाठी बार असोसिएशन आहे. प्राचार्यांना पदसिद्ध सदस्य करावे, अध्यक्ष करू नये. यात प्राचार्यांचा अनादर नाही. प्राचार्य बदलतात, निवृत्त होतात, कधी पद प्रभारी राहते, आणि प्रत्येक वेळी बँकेतील सही अडते. शिवाय महाविद्यालय चालवणारी संस्था आणि माजी विद्यार्थी यांचे पैसे एकाच खात्यात जाऊ लागले की, पैसे कितीही चोख वापरले गेले तरी देणगीदारांच्या मनात शंका येतेच. स्वतंत्र खाते, तीनपैकी दोन सह्या आणि महाविद्यालयाशी दोन पानांचा सामंजस्य करार एवढे पुरते.

निवडणुकीनंतर किंवा विश्वस्त बदलल्यानंतर ९० दिवसांच्या आत १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ खालचा बदल अर्ज दाखल करायचा असतो. लोक त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात आणि बहुधा विसरतात. आमच्याकडे एकदा नवे कार्यकारी मंडळ निवडून आले, हारतुरे झाले, आणि जुन्या कोषाध्यक्षांकडून इतिवृत्ताची सही झालेली प्रत मिळवण्यात साडेचार महिने गेले. बँकेने बदलाच्या नोंदीशिवाय नव्या सह्या घेतल्या नाहीत, आणि ते बरोबरच होते. त्या काळात जुन्या पदाधिकाऱ्यांच्या सह्यांसाठी मी न्यायालयाच्या आवारात चेकबुक घेऊन हिंडत असे. तेव्हापासून सर्वसाधारण सभेच्या जागेवरच इतिवृत्त लिहून, वाचून, सूचक-अनुमोदकांच्या सह्या घेऊनच चहा दिला जातो.

पैसा

मोठी देणगी आणि नियमित वर्गणी यांपैकी एकाची निवड करायची झाली, तर नियमित वर्गणी घ्यावी. हिशेब साधा आहे. शंभर माजी विद्यार्थ्यांनी दरमहा पाचशे रुपये दिले की वर्षाला सहा लाख रुपये जमतात. सात टक्के व्याज धरले, तर तेवढेच वार्षिक उत्पन्न देण्यासाठी सुमारे ८६ लाख रुपयांचा कायम निधी लागेल. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला ८६ लाख कोण देणार? शंभर जण मात्र बार रूममध्येच बसलेले असतात. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाला १८५५ पासूनची आणि पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाला १९२४ पासूनची परंपरा आहे. तेथे मोठ्या निधीचा विचार शक्य आहे. इतरांनी बँकेतून महिन्याच्या ठराविक तारखेला आपोआप वर्ग होणारी रक्कम मागावी. आठवण करून द्यावी लागणारी वर्गणी वर्षभरात निम्म्यावर येते, हा माझा अनुभव आहे. आपोआप जाणारी वर्गणी बंद करायला माणसाला उठून काही तरी करावे लागते, आणि वकील स्वतःच्या कामासाठी सहसा उठत नाही.

कायम निधी मुळीच नको, असे मी म्हणत नाही. आईवडिलांच्या किंवा ज्येष्ठ वकिलांच्या नावाने काही तरी करावे ही इच्छा सुंदर आहे. पण कोणत्याही जुन्या महाविद्यालयाच्या पारितोषिकांची यादी वाचून पाहावी: चाळीस वर्षांपूर्वी दिलेल्या दोन-पाच हजारांच्या ठेवीच्या व्याजातून आज दीडशे-दोनशे रुपयांचे पारितोषिक दिले जाते आणि प्रमाणपत्राची चौकट त्याहून महाग पडते. म्हणून नावाचा निधी स्वीकारताना किमान रक्कम ठरवावी, व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवण्याची अट घालावी आणि वीस वर्षांनंतर लहान निधी एकत्र करण्याचा अधिकार संघटनेकडे राखावा. देणगीदार हयात असतानाच त्याच्याकडून हे लिहून घेणे सोपे असते. पुढे त्याच्या मुलांकडून मागणे अवघड होते.

ठेव कोठे ठेवावी, हा प्रश्न आपल्याकडे नाजूक असतो, कारण कार्यकारी मंडळातील कोणी ना कोणी एखाद्या पतसंस्थेचा संचालक किंवा कायदेशीर सल्लागार असतोच आणि तेथे एक टक्का जास्त मिळतो. तो टक्का सोडून द्यावा. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा पैसा कोठे गुंतवावा, हे १९५० च्या अधिनियमाचे कलम ३५ आणि आयकराचे नियम ठरवतात, आणि पाच लाखांपर्यंतचे ठेव विम्याचे संरक्षण बँकेतील ठेवीला असते, पतसंस्थेतील ठेवीला नसते. ठराव लिहिताना बँकेचे आणि शाखेचे नाव लिहावे. ‘योग्य ठिकाणी गुंतवावे’ असा ठराव कधीही करू नये.

आयकराच्या बाबतीत सनदी लेखापालाशिवाय पाऊल टाकू नये. आपण वकील असलो तरी हे सांगतो. धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी आणि देणगीदाराला वजावट मिळवून देणारी मान्यता, म्हणजे १९६१ च्या अधिनियमातील अनुक्रमे कलम १२एबी आणि ८०जी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही घ्याव्या लागतात. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी असल्यामुळे कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. जुन्या पावतीपुस्तकावर छापलेला मजकूर त्यानुसार तपासून घ्यावा. देणगीदाराला मात्र सरळ भाषेत तीन गोष्टी सांगाव्यात: वजावट साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची आणि उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत मिळते, नव्या करप्रणालीत ती मिळत नाही, आणि दोन हजारांहून अधिक रोख दिल्यास तीही गेली. संघटनेच्या बाजूने पाहता वर्षाच्या उत्पन्नातील किमान ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च व्हावी लागते. ती साठवायची असेल, तर तशी रीतसर सूचना मुदतीत द्यावी लागते. देणगीदारांची माहिती देणारे वार्षिक विवरणपत्र संघटनेने वेळेवर भरले नाही, तर त्यांना प्रमाणपत्र मिळत नाही, आणि प्रमाणपत्र न मिळालेला देणगीदार पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

परदेशातील माजी विद्यार्थी हे आणखी एक प्रकरण. उच्च शिक्षणासाठी लंडनला किंवा अमेरिकेला गेलेला आपला वर्गमित्र आनंदाने पैसे पाठवायला तयार असतो. त्याच्याकडे भारतीय पारपत्र असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवले, तर तो परकीय अंशदान नियमन अधिनियम, २०१० च्या अर्थाने परकीय अंशदान ठरत नाही. पारपत्राची प्रत मात्र फाइलला लावून ठेवावी. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचे ओळखपत्र) असले तरी त्याचा एक रुपयाही नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेऊ नये. त्या नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे संस्थेची तीन वर्षे आणि त्या काळात उद्दिष्टांवर १५ लाखांचा खर्च लागतो, आणि पैसे नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात. लहान संघटनेने अशा मित्राकडे पैशांऐवजी वेळ मागावा. रविवारी सकाळी तासभर ऑनलाइन बसून तो चार मुलांचे परदेशी प्रवेशाचे अर्ज तपासून देऊ शकतो, आणि वेळेला कोणताही अधिनियम लागू होत नाही.

अर्ज आणि निवड

अर्ज दोन पानांचा आणि मराठीत असावा. ज्याला इंग्रजीत लिहायचे आहे त्याने इंग्रजीत लिहावे, पण छापील प्रश्न मराठीतच असावेत. ‘शिष्यवृत्ती मिळाल्यास आपण समाजासाठी काय कराल’ हा प्रश्न काढून टाकावा. त्याला सगळे जण सारखेच उत्तर देतात. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात कशावर किती खर्च झाला’ असे विचारावे आणि पाच-सहा ओळी मोकळ्या सोडाव्यात. त्या ओळींतून घर दिसते. प्रवास १,४००, खोली १,८००, घरी पाठवले १,०००, असा तपशील ज्या अर्जात असतो, तो शिकत शिकत घर चालवणाऱ्या मुलाचा असतो, मग उत्पन्नाच्या दाखल्यावर काहीही असो.

उत्पन्नाचा दाखला मागावा, पण त्यावर विसंबू नये. दाखला मागील वर्षाचा असतो आणि संकट या वर्षीचे असते. वडील गेले, शेत पाण्याखाली गेले, भावाची नोकरी सुटली, अशा वेळी स्वयंघोषणापत्र आणि शिक्षकाची एक ओळ यांवर निर्णय घेण्याची मुभा निवड समितीला असावी. गुणवत्तेची अट शक्य तितकी खाली ठेवावी. एका-दोन विषयांत एटीकेटी असलेल्या विद्यार्थ्याला वगळणारा नियम कागदावर कडक दिसतो. पण रात्री कारखान्यात पाळी करून सकाळी वर्गात बसणाऱ्याचाच विषय राहतो, हे आपण वकिलीत रोज पाहतो. सुवर्णपदकासाठी पारितोषिक वेगळे ठेवावे.

निवड समिती पाच जणांची पुरते: एक शिक्षक, दोन माजी विद्यार्थी, महाविद्यालयाशी संबंध नसलेली एक व्यक्ती आणि पूर्वी शिष्यवृत्ती घेतलेला एक जण. हा पाचवा सदस्य आम्ही उशिरा घेतला आणि त्याने पहिल्याच बैठकीत सांगितले की, आमच्या अर्जातील ‘वसतिगृहात राहता का’ या प्रश्नामुळे खाटेच्या भाड्याने राहणारी मुले स्वतःच ‘नाही’ लिहून गप्प बसतात. अर्जांवरील नावे झाकून क्रमांक द्यावेत. लहान गावात कोण कोणाचा पुतण्या, हे आडनावावरूनच कळते. नातेसंबंध असलेल्या सदस्याने त्या अर्जाच्या वेळी खोलीबाहेर जावे आणि तो बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात व्हावी. प्रत्येक मंजूर आणि नामंजूर अर्जापुढे कारणाची एक ओळ लिहावी. पुढे कोणी विचारले तर ती ओळ वाचून दाखवता येते.

वेळापत्रकाची शिस्त अशी: प्रवेशाची शेवटची फेरी संपल्यापासून पंधरा दिवसांत अर्ज, पुढच्या दहा दिवसांत निवड, आणि निवडीनंतर तीन दिवसांत पहिला हप्ता थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर. उरलेली रक्कम दरमहा द्यावी. एकरकमी पैसे घरच्या कर्जाच्या हप्त्यात जातात. त्यात मुलाचा दोष नसतो. प्रवेश उशिरा झालेल्यांसाठी आणि अचानक आलेल्या अडचणींसाठी एकूण निधीचा दहावा हिस्सा बाजूला ठेवावा आणि तो देण्याचा अधिकार अध्यक्ष व कार्यवाह या दोघांना असावा. सभा बोलवावी लागली की तातडी संपते.

पुठ्ठ्याचा मोठा धनादेश हातात देऊन छायाचित्र काढण्याची प्रथा बंद करावी. ज्या न्यायालयात हा मुलगा पुढे वकील म्हणून उभा राहणार आहे, तेथल्या भिंतीवर तो गरजू म्हणून टांगलेला नसावा. अहवालात फक्त संख्या, रक्कम आणि वर्ष द्यावे. अर्जांतील माहिती व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमावर आपण व्याख्याने ठेवतो, तेव्हा निदान स्वतःच्या फाइलपासून सुरुवात करावी.

पैशांखेरीज

ग्रंथदानाचे स्वागत करावे, पण यादी आधी मागावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्यासोबतचे दोन कायदे लागू झाल्यावर अनेक कार्यालयांतील कपाटे रिकामी झाली आणि भारतीय दंड संहितेचे जुने ग्रंथ आमच्याकडे पोत्यांनी आले. जुन्या तारखेच्या गुन्ह्यांचे खटले चालूच असल्यामुळे एक-दोन संच लागतात; अकरा संच लागत नाहीत. त्यापेक्षा निकालांच्या ऑनलाइन संग्रहाच्या एका वर्गणीचा वाटा उचललेला बरा.

आमच्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरला तो शनिवारचा मसुदालेखन वर्ग. दिवाणी बाजू पाहणारा एक ज्येष्ठ आणि फौजदारी बाजू पाहणारी एक वकील, असे दोघे जण दर शनिवारी दोन तास बसतात. दावा, कैफियत, मुदतीचा अर्ज, पुरसिस (पक्षकाराचे लेखी निवेदन), हजेरी माफीचा अर्ज असे एकेक प्रकरण घेऊन विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष लिहून घेतले जाते आणि लाल शाईने तपासले जाते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला जिल्हा न्यायालयाचे मराठी येते असे आपण गृहीत धरतो, पण ‘सबब’ आणि ‘तरी’ यांनी चालणारी ती भाषा त्यालाही नव्यानेच शिकावी लागते. आणि उच्च न्यायालयासाठी तेच प्रकरण इंग्रजीत मांडायला लागले की दुसरी शिकवणी सुरू होते. या वर्गाचा वर्षाचा खर्च चहा आणि कागद यांपलीकडे गेलेला नाही.

कार्यभार सोपवताना

दर तीन वर्षांनी कार्यवाह बदलावा आणि त्याने पुढच्याच्या हाती एक लोखंडी पेटी द्यावी. तिच्यात नोंदणीची दोन्ही प्रमाणपत्रे, सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था नोंदवहीचा अद्ययावत उतारा, दाखल केलेल्या बदल अर्जांच्या पोच, आयकराच्या मान्यता आणि त्यांच्या संपण्याच्या तारखा, ठेवींच्या पावत्या, लेखापरीक्षित हिशेब, इतिवृत्ताची वही आणि चालू शिष्यवृत्त्यांची यादी असावी. यादीत प्रत्येक विद्यार्थ्यासमोर त्याचा अभ्यासक्रम कोणत्या वर्षी संपतो ते लिहिलेले असावे, म्हणजे नव्या कार्यवाहाला पहिल्याच दिवशी कळते की, एकही नवा अर्ज न घेता पुढच्या जुलैमध्ये किती रुपये लागणार आहेत. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आम्ही एक कागद चिकटवला आहे. त्यावर वर्षभरातील मुदतींच्या तारखा आहेत आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत, पहिल्या हप्त्याची तारीख आहे.